चिंगीचा व्हायरस

१५ जून २०१०

शाळा सुरू. चिंगीचा गेल्या वर्षीचा युनिफॉर्म अंगात शिरेना. टेलरने दोन्ही कुशींना पट्ट्या लावून दिल्या, पण त्यांचा निळा जरा वेगळाच दिसतो. सातवीतली मुलगी, तिला सगळं कळतं. आरशात बघितलं, दप्तराचा पट्टा ओढून ती पट्टी झाकली आणि गेली.

पहिला दिवस म्हणून अर्धीच शाळा. दुपारी आमच्या खानावळीत पाणी द्यायला उभी राहिली. बांद्याकडचे चौघे जेवत होते. त्यातला एक म्हणतो, "वैनी, जाहिरात बरी ठेवलास हां! हिका बघून रस्त्यावरचो माणूस आत येतलो." सगळे हसले. मीही हसले. धंद्यात हसावं लागतं. मग आत जाऊन तव्यावरचे सुके बांगडे असे उलथले की शेपट्या तुटल्या.

जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून नाव चिंगी ठेवलं. आता लोक नावालाही हसतात.

२१ जून

कणकवलीला मुलांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. हे, मी, चिंगी. डॉ. बाई कोल्हापूरकडच्या, इथे येऊन वर्षही झालं नाही. बोलायला बऱ्या, पण भरभर.

मानेवरचा काळा पट्टा बघून विचारलं, हा कधीपासून? म्हटलं, वर्ष झालं असेल. सासूबाई दर आंघोळीला काथ्याने घासतात, पण जात नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. "घासू नका हो तिला! हा मळ नाही. साखरेचं गणित आत बिघडायला लागलं की मान अशी दिसते."

रक्त तपासलं. साखर काठावर. अजून आजार म्हणायचा नाही, पण फार लांबही नाही. साखर दिवाळीनंतर परत बघणार, वजन मधून मधून. तोवर वजन थोडं आटोक्यात आलं तर ठीक. साखर वर गेली तर गोळ्या, आणि या वयात गोळ्या सुरू झाल्या की... बाईंनी वाक्य पुरं केलं नाही, मीही करत नाही.

भात दिवसातून एकदाच. तळलेलं बंद. रोज चालणं.

येताना कट्ट्याला एस.टी. थांबली. कणकवलीहून येताना कट्ट्याची भजी आजवर कधी चुकवलेली नाहीत. हे खिडकीबाहेर बघत बसले, मी समोरच्या बाकाकडे, चिंगी मुठी आवळून. आणि कंडक्टर नेमका भजी खात खात गाडीत चढला. तिघेही एकदम हसलो. बरं वाटलं.

३० जून

डॉ. बाईंनी सांगितलेलं सगळं चालू आहे. भात फक्त रात्री. डब्यात चपाती-भाजी. हे सकाळी तिला घेऊन जेटीपर्यंत जातात. पहिल्या दिवशी चिं. पुढे आणि हे मागून धापा टाकत. डॉ. बाईंनी ह्यांना बघून काहीच कसं सांगितलं नाही, मला नवल वाटतं.

सा.बाई खूश नाहीत. "चेडवाक उपाशी मारतास. भात नाय तर ताकद खंयसून येतली?" मी वाद घालत नाही. शाळेत जाण्याआधी पेज त्याच वाढतात, जवळ बसून. म्हातारीचं तेवढंच समाधान.

खानावळीला पाहुणे कमी. पावसात मालवणात कोण येणार? आमचे नेहमीचेच. हायस्कुलातले परब सर दोन्ही वेळा आमच्याकडे जेवतात. शिरोड्याचे, एकटेच राहतात, विज्ञान शिकवतात आणि जेवताना पेपर वाचतात. किती वेळा सांगितलं, पेपरावर आमटी सांडते. ऐकत नाहीत.

१२ जुलै

शाळेत वजनं घेतली. गुरुजींनी प्रत्येकाचा आकडा मोठ्याने वाचला. हिचा वाचल्यावर मागच्या बाकांवरून टाळ्या.

घरी येऊन न्हाणीघरात जाऊन बसली. दार लोटलेलं. मी बाहेर पायरीवर टेकले. खूप वेळाने आतून, "आये, मिया सगळा सोडलंय तरी असा कित्या?"

ह्यांचा बांधा तसा नाही, माझा नाही, माहेरी कोणी नाही. माझ्या हातचं दोनशे माणसं खाऊन जातात, ती जाड झाल्याचं ऐकलं नाही. माझ्याच पोरीला काय होतं? फार वाईट वाटलं आज.

२४ जुलै

कणकवली. वजन वाढलं! महिनाभर एवढं करून.

बाईंनी आधी काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग चिंगीकडे. "खरं सांग हं बाळा, रागावणार नाही. मध्ये चोरून काही खातेस का? खानावळ आहे घरात, होतं असं."

मीच बोलले, आणि जरा जास्तच बोलले. हे माझा पदर ओढत होते. बाईंचा चेहरा उतरला. पण अशा शब्दांत विचारायचं? बारा वर्षांच्या मुलीला चोर म्हणायचं?

परतीच्या वाटेवर ती खिडकीला डोकं टेकून रडत होती, आवाज न करता. कट्टा कधी गेलं कळलं नाही.

२६ जुलै

आणि आज मी काय केलं, तर ती आंघोळीला गेल्यावर तिचं दप्तर उपसलं. कंपासपेटीसुद्धा उघडून बघितली. काही नाही. चिंचेचा एक तुकडा, तोही कधीचा.

मागे वळले तर ती दारात, केस ओले. "सोदलंस? काय गावला?"

नाय गो बाय, काय नाय, एवढंच म्हटलं. डॉ. बाईंवर मी कोणत्या तोंडाने चिडले होते? दिवसभर भाजीत मीठ जास्त पडत होतं. कोणी बोललं नाही, माझं तोंड बघूनच असेल.

२९ जुलै

परब सरांनी आज पहिल्यांदा पेपरावर आमटी न सांडता जेवण केलं. हात धुवून मला हाक मारली. "वैनी, हा वाचा. चिंगीसाठी."

आतल्या पानावर बातमी. सर्दी-खोकला आणि डोळे येणं, असं करणारा एक विषाणू आहे. तो कोंबड्यांना टोचला तर त्यांच्या अंगात चरबी वाढली. लठ्ठ मुलांच्या रक्तात या विषाणूच्या जुन्या लागणीच्या खुणा जास्त वेळा दिसतात म्हणे. मी दोनदा वाचली. मग सरांनी समजावलं. "खुणा सापडल्या म्हणजे त्यानंच केलं असं होत नाही हां वैनी. पण शक्य आहे. म्हणजे हावरटपणाच असायला पाहिजे असं नाही."

मला एकदम आठवलं. चिंगी दुसरीत असताना घरात सगळ्यांचे डोळे आले होते. हिचे सर्वांत वाईट, वर सर्दी-ताप, पंधरवडाभर शाळा बुडाली. आणि त्याच वर्षी दिवाळीचा फ्रॉक होळीला होईना. मी कधी दोन्हींचा संबंध लावलाच नव्हता. कोण लावेल?

सा.बाईंना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मगे मिया काय वेगळा सांगी होतंय? बाहेरचा काय्येक लागला म्हणान. तू नदर म्हणूक देय नाय, आता पेपरवालो म्हणता तर गोड लागता!" संध्याकाळी मीठ-मिरच्या घेऊन चिंगीवरून ओवाळून टाकल्या. व्हायरसची दृष्ट. मिरच्यांचा खकाणा इतका की परब सर जेवता जेवता खोकत बाहेर गेले.

चिंगीने बातमी स्वतः वाचली. घडी घालून मला परत दिली. खांदे सरळ करून उभी होती. असं तिला उभं राहिलेलं किती दिवसांनी बघितलं.

३ ऑगस्ट

व्हायचं ते झालं. आमच्या बयेने वर्गात सांगितलं, "मिया खादाड नाय. माका व्हायरस झालो आसा."

बाक रिकामा! शेजारची मुलगी उठून पुढे गेली. पाण्याच्या नळावर हिच्यामागे कोणी उभं राहीना. आणि संध्याकाळी एकीची आई आमच्या पायरीवर. "वैनी, रागावा नको हां, पण माझ्या चेडवाक लागतलो नाय मा? पुढे लग्नाचा बघूचा आसता."

हसू की रडू कळेना. काल जाडी म्हणून हसत होते, आज लागण म्हणून पळतात. मी तिला चहा दिला. कपाला तोंड लावू की नको असं तिचं झालं. मग निवल्यावर प्यायली.

दुपारचं एक नेहमीचं गिऱ्हाईक आज आलं नाही. त्याचं काही दुसरं कारण असेल. पण मनात आलंच.

६ ऑगस्ट

आज चिं. हसत घरी आली, आणि एकटी नाही. सोबत रोशनी. मच्छीमार्केटात बसणाऱ्या कुंदाची मुलगी. अंगावर मांस म्हणून नाही, वाऱ्याने उडेल अशी. म्हणाली, "काकी, मी आता हिच्या बाकार बसतंय."

म्हटलं, तुला भीती नाही वाटत?

"माका लागाकच व्हया! आये रोज दोन अंडी घालता, तरी हाडां दिसतत. हिच्या बाटलीतला पाणी पण पितंय. किती दिवसांनी गुण येतलो, काकी?"

परब सर आमटीचा भुरका घेत होते, त्यांना ठसका लागला. मी पाठीवर थापट्या मारल्या. सरांनी मग तिला समजावलं, की हिची लागण पाच वर्षांपूर्वीची, असली तरी आता लागायची नाही, आणि ती मुळात होती का, तेही माहीत नाही. रोशनी हिरमुसली. पण बसलीय अजून त्याच बाकावर. आता दोघी रिक्षा सोडून किनाऱ्याने चालत शाळेत जातात. रोशनी चालत नाही, धावते, म्हणून हिलाही धावावं लागतं.

देव कोणाच्या रूपात येतो ते सांगता येत नाही, हे सा.बाईंचं म्हणणं आज मला पटलं.

१६ ऑगस्ट

कणकवली. यावेळी सा.बाईही. "डॉक्टरणीक मिया सांगतंय, नदर ती काय आसता." नेलं. न नेऊन सांगते कोणाला!

मी बातमीचं कात्रण टेबलावर ठेवलं. भांडायच्या तयारीतच गेले होते. पण बाईंनी ते बाजूला सरकवून आधी चिंगीकडे तोंड केलं. "मागच्या वेळी मी तुला नको ते विचारलं. चुकलं माझं." चिं. माझ्याकडे बघायला लागली. डॉक्टर असं बोलतात हे तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. माझा सगळा राग त्या एका वाक्यात गेला, आणि वाईट म्हणजे तयारी करून नेलेली वाक्यंही गेली.

मग कात्रण. बाईंना त्यातलं माहीत होतं. "असू शकतं. नाही म्हणणार नाही. पण तपासायची सोय आपल्याकडे नाही, आणि त्या विषाणूवर औषधही नाही. अशा मुलांचं वजन उपचाराने लवकर उतरतं की उशिरा, त्यावरही जाणकारांचं एकमत नाही. म्हणजे तो असला तरी करायचं हेच, नसला तरी हेच."

मग चिंगीला म्हणाल्या, "आता जेवणाचं विचारतच नाही. सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं ते सांग. पाणीसुद्धा."

चिं. शहाण्यासारखी सांगायला लागली. चहा. मग पेज.

"पेज म्हणजे?"

सा.बाई पुढे सरकल्या. "पेज गो! उकड्या तांदळाची. चेडू अशक्त होयत म्हणान मिया आता खोबरा नि वायच तूप जास्त घालतंय. दोन वाडगे खाता बिचारा."

बाई: "आजी, मग तो भातच झाला की!"

सा.बाई: "भात कसो? भात जेवणाक. पेज काय जेवण आसा?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे. हे छताकडे. देवा रे! पेज. जन्मल्यापासून रोज दहाला खातो आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की पेज म्हणजे तांदूळच. आमच्याकडे पाहुण्याला "जेवलास?" विचारलं तर पेज पिऊन आलेला माणूस "नाय" म्हणतो, आणि ते खोटं नसतं. बाईंनी दोन महिने विचारलं, भात किती वेळा? आम्ही दोन महिने खरं सांगितलं, एकदाच.

"आणि कढी?" बाई आता सावध झाल्या होत्या.

"सोलांची. ती पाचक," सा.बाई. नारळाच्या घट्ट रसाची, दोन पेले, जेवणावर. पाचक!

बाई हसायला लागल्या. आधी तोंड दाबून, मग मोकळ्या. चिंगी हसली. मग आम्ही सगळेच. बाहेर बसलेल्या बायका डोकावून गेल्या. नदरेचं सांगायचं राहूनच गेलं.

१८ ऑगस्ट

घरात संप. सा.बाई पेज करणार नाहीत म्हणतात, आणि आम्हीही पिऊ नये. "माझ्या पेजेन चेडू बिघाडला म्हणतास, तर माझ्या हातचा काय्येक नको."

मी जाऊन पाया पडले. तसं नाही हो आई, तुम्ही पोरीच्या मायेनेच केलंत. मीपण खानावळ चालवते आणि मलाही कळलं नाही. खूप मनधरणी. शेवटी चिंगीनेच तोडगा काढला. "आजये, माका निवळ दी. वरची. मीठ घालून." वाडग्यात पेजेचं वरचं पाणी, खाली चार शितं. सा.बाईंनी डोळे पुसत वाढलं. शितं चारपेक्षा जास्त होती, मी बघितलं नाही असं दाखवलं.

२४ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. सगळं गाव बंदरावर. आम्ही घरून नारळ नेला. नारळ लढवायच्या स्पर्धेत रोशनीची आई कुंदा पहिल्या फेरीतच हरली आणि पंचांशी भांडली. चिंगी आणि रोशनी वाळूत जेटीपर्यंत जाऊन परत. हिला धाप लागते, पण थांबत नाही. श्रावण म्हणून खानावळीत मासळी नाही, गिऱ्हाईकं उसळीकडे दुःखाने बघतात. मला मात्र हे दिवस आवडतात. हात हलके राहतात.

बरा दिवस गेला.

१३ सप्टेंबर

गणपती. मुंबईहून धाकटे दीर-जाऊ. दीर दारातच, "काय गो चिंगे, मोदक सगळे तुझ्याच पोटात काय?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "नाय काका, एक माझो. बाकीचे तुमका ठेवलंय, तुमच्या पोटात जागा जास्त दिसता." दीर स्वतःच्या पोटाकडे बघत राहिले. हे आत जाऊन हसले. मी ओरडले तिला, मोठ्यांना असं बोलायचं नाही म्हणून, पण ओरडणं काही जमलं नाही.

एकच मोदक खाल्ला. तोही खूप वेळ लावून, एकेक कळी सुटी करून.

१० ऑक्टोबर

डॉ. बाईंचा फोन. त्यांची एक मैत्रीण मुंबईत प्रयोगशाळेत आहे, तिला हा विषाणू रक्तात ओळखता येतो. दिवाळीनंतर साखरेसाठी रक्त काढू तेव्हा थोडं जास्त काढून तिला पाठवायचं का? उपचारात फरक पडणार नाही, फक्त कळेल. सक्ती नाही.

मी फोनवरच हो म्हणणार होते. चिं. शेजारी उभी. "होय म्हण आये. माका कळूक व्हया." हे म्हणाले, कळून काय करणार? सा.बाई म्हणाल्या, रक्त मुंबईला कशाला, हयसर काय कमी डॉक्टर आसत?

मला हवंच आहे. का हवंय ते इथे लिहायला हरकत नाही. "होय" आलं तर सगळ्यांना सांगता येईल. बांद्याच्या त्या माणसाला, गुरुजींना, टाळ्या वाजवणाऱ्यांना. माझी पोर हावरट नाही, आणि माझ्या स्वयंपाकाने तिचं वाटोळं केलं नाही. दोन्ही एकदम सुटतं.

आणि "नाही" आलं तर? तेव्हाचं तेव्हा.

१५ ऑक्टोबर

नवरात्रात घर साफ करताना जुन्या गोष्टी निघाल्या. सा.बाई आणि मी भांडी घासत होतो, चिंगी पुसून ठेवत होती. डोळे आले होते त्या सालाचा विषय. मी म्हटलं, शाळेतूनच लागण आणली असणार पोरीने.

"शाळेतसून नाय गो," सा.बाई सहज म्हणाल्या. "पयले डोळे तुझे इल्ले. खानावळीत तो रत्नागिरीचो ड्रायव्हर येय, लाल डोळे घेवन. तुका लागले, मगे चार दिवसांनी चेडवाचे."

खरं आहे. आठवलं. डोळे चिकटलेले असताना हिला जवळ घेऊन निजत होते, कारण ती माझ्याशिवाय निजायची नाही.

म्हणजे विषाणू असला तर तो माझ्यामार्फत. आणि नसला तर माझ्या घरची पेज, माझी कढी. दोन्हीकडून मीच सापडते. हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिले. चिं. माझ्याकडे बघत होती. मग तिने ते पातेलं माझ्या हातातून घेतलं आणि पुसायला लागली.

८ नोव्हेंबर

दिवाळी झाली. फराळ खानावळीसाठी केला, घरी थोडा. चिं.ने चकल्या पाडायला मदत केली आणि एकच खाल्ली, मोडकी. टेलरकडे युनिफॉर्म नेला. पट्ट्या काढायच्या का विचारलं तर म्हणतो, पट्ट्या राहूदेत, पण आता खालून उसवूक व्हयो, चेडू लांब झाला. उंची वाढलीय. रोज बघणाऱ्याला दिसत नाही.

रोशनीचं वजन अजिबात वाढलेलं नाही. ती चिंगीवर नाराज आहे.

२० नोव्हेंबर

कणकवली. फक्त मी आणि चिंगी.

साखर काठाच्या अलीकडे! फार नाही, पण अलीकडे. वजन जवळपास तेवढंच, पण उंची वाढली म्हणून ते चालतं, असं बाई म्हणाल्या. मानेवरचा पट्टाही थोडा फिका. गोळ्या नाहीत. पुढचं उन्हाळ्यात बघू. मला बाईंच्या पाया पडावंसं वाटलं, पण त्या वयाने लहान. मग ताज्या सुंगटांची, बाईंच्या भाषेत कोळंबीची, पिशवी दिली. संकोचल्या, पण घेतली.

मग दुसरी नळी. चिंगीने हात पुढे केला, सुई टोचताना डोळेही मिटले नाहीत. बाईंनी लेबल लावलं आणि विचारलं, "निकाल आला की तुम्हाला फोन करू ना?"

मी हो म्हणायच्या आत चिंगी, "नको."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी चिंगीकडे. तूच म्हणालीस ना, कळायला पाहिजे? ती बोटाने कापूस दाबून बसली होती. "रक्त पाठवा. मुंबयच्या ताईंका कामाक येतला. पण आमका सांगू नकात." बाई म्हणाल्या, बरं. मत बदललं तर कधीही विचारा, मी सांगेन.

एस.टी.त जागा मिळाली. कसाल गेलं. मीच विचारलं, असं का गं केलंस?

"आये, नाय म्हणान इला तर मिया रडतलंय. होय म्हणान इला तर तू. मगे व्हया कित्याक?"

इतके महिने मी हिला दोषातून सोडवायला धडपडत होते, आणि ही तिथे बसून मला सोडवत होती. तिचा हात हातात घेतला. कापूस अजून दंडाला चिकटलेला होता, तो काढून टाकला. खूप भरून आलं. ती म्हणाली, "रडा नको, लोक बघतत." मग मी नाही रडले.

घरी आल्यावर ह्यांना साखरेचं सांगितलं. सा.बाईंनी देवापुढे साखरच ठेवली. काय बोलणार?

चिंगी रोशनीकडे गेली आहे. डॉ. बाईंचा नंबर माझ्या पाकिटात आहे, आणि तिला न सांगता मी फोन करू शकते. करणार नाही असं मी कोणाला म्हटलेलं नाही.